मटकी कोणाची

ओजस खैरनार, तेवीस, सातपूरला सीएनसीवर रात्रपाळी,
साडेदहाला माझ्या टेबलाशी उभा,
जिल्हा न्यायालयाच्या आवारात,
नोटरीच्या छत्रीची सावली संपते तिथे.
"मॅडम, मी मॉड बनवतो."
मोड? मटकीला येतात ते?
तो हसला नाही. डोळ्यांत झोप होती.

मग मोबाईल आडवा धरून दाखवलं:
परदेशी कंपनीचा ट्रकचा खेळ,
त्यात ह्यानं घातलाय आपला रस्ता.
द्वारका चौकात अडकलेला टेम्पो,
पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे,
टोलनाक्यावर सुट्ट्यांऐवजी हातावर ठेवलेलं चॉकलेट,
आणि इगतपुरीनंतर धुकं, काचेवर बसणारं.
चार वर्षं लागली. फुकट वाटला.
कुणी एक ब्राझीलमध्ये बसून
रोज लासलगावचा कांदा कसाऱ्याखाली उतरवतो म्हणे.

आता एका वितरकाचा करार आलाय.
सव्वीस पानं. महिना अठरा हजार.
आणि दुसऱ्या पानावर एक शब्द: अनन्य.
"चांगलंच ना, मॅडम? अनन्यसाधारणमधला?"
नाही रे. अनन्यभावे शरण, त्यातला.

पेन्सिल काढली.
उद्यापासून हा रस्ता तू मित्रालाही देऊ शकत नाहीस.
पुढच्या आवृत्त्याही त्यांच्या,
ज्या अजून तुझ्या डोक्यातसुद्धा आलेल्या नाहीत.
ते तीस दिवसांत सोडू शकतात.
तू कसं सोडायचं, ते कलम मी दोनदा शोधलं.
वाद झाला तर न्यायालय डब्लिनचं.
पासपोर्ट आहे?
"लायसन आहे. हेवी."

कलम अकरा. मोठ्यानं वाच.
"मी हमी देतो की ही कृती संपूर्णपणे माझी आहे."
आहे?

बाजूच्या टायपिस्टनं कागद बदलला.

खेळ कंपनीचा. तिच्या अटींत लिहिलंय:
बनवा, खेळा, विकू नका.
मटकी तिची, ओजस. मोड तुझे.
नुसते मोड खुडून कसे विकणार,
तेही एकालाच?
उद्या कंपनी दारात आली तर कलम बारा:
खर्च, भरपाई, वकील, सगळं तुझ्या नावावर.
अठरा हजारांत माझ्यासारखी मिळेल. डब्लिनची नाही.

ट्रकमागची अक्षरं कोणाची?
"मालेगावचा अकील. खरे ट्रक रंगवतो तो."
लिहून दिलंय त्यानं?
"व्हॉट्सॲपवर अंगठा दिलाय."
आमच्याकडेही अंगठा चालतो. शाईचा लागतो.

हॉर्न एका एसटीचा, चालकाला न विचारता.
आणि हा आवाज?
गाडी रिव्हर्सला टाकली की मागून कुणी सांगतं,
येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...
बास्स.
"पप्पा. अंबडच्या ट्रान्सपोर्टला क्लीनर होते."

होते.

कलम चार: सर्व ध्वनी, जगभर, चिरकाल.
त्या ओळीखाली मी रेघ मारली नाही.
त्याची त्यानंच वाचली,
बोट ठेवून, शाळेतल्यासारखी.

फी घेतली नाही असं लिहायला आवडलं असतं.
तीनशे घेतले.
सही करू नको असंही म्हटलं नाही;
अठरा हजार म्हणजे त्याच्या महिनाभराच्या रात्री.
सात प्रश्न लिहून दिले.
वितरकाला पाठव, उत्तर आलं तर ये.
सीबीएसच्या गर्दीकडे गेला तो,
सव्वीस पानं पोटाशी धरून.

संध्याकाळी पार्किंगमध्ये
स्कूटर मागे घेत होते.
मागची भिंत किती लांब, दिसेना.
ब्रेक दाबून थांबले जरा,
कुणी काही म्हणतंय का ऐकत.